बीएमडब्ल्यू आय-थ्री : कार्बनच्या सांगाड्याचा पर्यावरणीय जमाखर्च

बीएमडब्ल्यू आय-थ्री ही विजेवर चालणारी छोटी गाडी २०१३ ते २०२२ या काळात जर्मनीतील लाइपझिगच्या कारखान्यात तयार होत होती. सुमारे अडीच लाख गाड्या बाहेर पडल्यावर तिचे उत्पादन थांबले, त्यामुळे आज ती घ्यायची तर सेकंडहँडच घ्यावी लागते. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या परिचयातील मराठी मंडळींपैकी जो कोणी शहरातल्या वापरासाठी इलेक्ट्रिक गाडी शोधतो, त्याच्या यादीत ही गाडी हमखास असते आणि 'कार्बन फायबरची, म्हणून हलकी, म्हणून पर्यावरणपूरक' हे वर्णनही तिच्यासोबत हमखास येते. या वर्णनातले पहिले दोन भाग खरे आहेत. तिसरा भाग पहिल्या दोहोंतून आपोआप निघत नाही. तो कुठे खरा ठरतो आणि कुठे ठरत नाही हे तपासण्यासाठी खाणीपासून भंगारापर्यंतचा सगळा हिशेब मांडावा लागतो. तो मांडल्यानंतरही ही गाडी घ्यावी असेच माझे मत आहे, परंतु ज्या कारणासाठी ती गाजली त्या कारणासाठी नव्हे.

गाडीत बसण्यापूर्वीच तिचे वेगळेपण नजरेस येते. पुढचे आणि मागचे दार परस्परविरुद्ध दिशांना उघडते, मध्ये खांब नाही, आणि दोन्ही दारे उघडली की चौकटीच्या कडेला कार्बन फायबरचे कापड रंगाविना तसेच दिसते : राळेत गोठलेल्या काळ्या धाग्यांच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांना जागेवर धरून ठेवणारी बारीक शिलाई. छप्परही कार्बनचेच आहे, पण ते कारखान्यात कापड बेतताना उरलेल्या तुकड्यांपासून बनवलेले असल्याने त्यातले धागे सरळ रांगेत नसून विखुरलेले दिसतात. आत डॅशबोर्डवर आणि दारांच्या आतील बाजूस केनाफचे, म्हणजे आपल्या अंबाडीच्या कुळातले, तंतू दाबून बसवलेले आहेत, आणि तेही रंगवून झाकलेले नाहीत. हात फिरवला तर खरखरीतपणा जाणवतो. काही आवृत्त्यांत निलगिरीच्या लाकडाची पट्टी आहे. वस्तू कशाची बनली आहे हे वापरणाऱ्याला दिसू द्यायचे, हा या गाडीच्या रचनाकारांचा निर्णय मला मनापासून आवडतो, कारण आजच्या बहुतेक गाड्यांत सगळेच मऊ काळ्या प्लास्टिकच्या आड गेलेले असते.

रचनेच्या दृष्टीने गाडीचे दोन भाग आहेत. खालचा भाग ॲल्युमिनियमचा असून त्यात बॅटरी, मोटर, सस्पेन्शन आणि धडकेचा आघात झेलणारी चौकट येते. वरचा, माणसे बसतात तो पिंजरा, कार्बन फायबर आणि इपॉक्सी राळ यांच्या मिश्रणाचा आहे. बाहेरून दिसणारे दरवाजे-बोनेटचे पत्रे हे पत्रे नसून थर्मोप्लास्टिकचे आहेत. पहिल्या आवृत्तीचे चालकाविना वजन ११९५ किलो होते, आणि त्यात सुमारे २३० किलो निव्वळ बॅटरीचे होते. त्याच काळातील, जवळजवळ तेवढ्याच लांबीची आणि तेवढ्याच क्षमतेच्या बॅटरीची, पोलादी सांगाड्याची रेनो झोए साडेचौदाशे किलोंच्या आसपास होती. म्हणजे सुमारे अडीचशे किलोंचा फरक. बॅटरीने वाढवलेले वजन सांगाड्यातून वसूल करायचे हे उद्दिष्ट ठेवून कंपनी कामाला लागली होती आणि अभियांत्रिकी म्हणून ते उद्दिष्ट तिने गाठले, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

प्रश्न असा आहे की हे अडीचशे किलो कमी करण्यासाठी गाडी जन्मण्यापूर्वी किती ऊर्जा खर्ची पडली. कार्बन फायबरची सुरुवात पेट्रोलियमपासून होते. प्रोपिलीन आणि अमोनिया यांच्यापासून ॲक्रिलोनायट्राइल नावाचे विषारी द्रव रसायन तयार होते, त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या (बहुवारिक) करून पांढरा धागा ओढला जातो, आणि हा धागा म्हणजे स्वेटरच्या ॲक्रिलिक लोकरीचाच जवळचा नातेवाईक. तो प्रथम हवेत २०० ते ३०० अंश सेल्सिअसवर तापवून स्थिर केला जातो, मग ऑक्सिजनविरहित नायट्रोजनच्या भट्टीतून हजार अंशांच्या वर नेला जातो, तेव्हा त्यातील नायट्रोजन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जाऊन कार्बन उरतो. या प्रवासात धाग्याचे जवळपास निम्मे वजन नाहीसे होते. एक किलो कार्बन फायबरसाठी साधारण दोन किलो मूळ धागा लागतो. निघून जाणाऱ्या वायूंत हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी घटक असल्यामुळे तेही जाळून निरुपद्रवी करावे लागतात, आणि त्यालाही ऊर्जा लागते. शेवटी हाती येणाऱ्या एका तंतूची जाडी सुमारे सात मायक्रॉन, आणि आय-थ्रीसाठी वापरलेल्या जाड पेडात असे पन्नास हजार तंतू एकत्र असतात.

आकड्यांत सांगायचे तर एक किलो साधे पोलाद तयार करताना साधारण दोन किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तर औष्णिक विजेचा मोठा वाटा असलेल्या सामान्य वीजजाळ्यावर एक किलो कार्बन फायबर तयार करताना वीस ते तीस किलो. वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा बराच खालीवर होतो, कारण तो जवळजवळ पूर्णपणे भट्टीला वीज आणि उष्णता कुठून मिळते यावर अवलंबून असतो. नेमका हाच मुद्दा ओळखून बीएमडब्ल्यू आणि कार्बनची उत्पादने बनवणारी एसजीएल या कंपन्यांनी भट्ट्यांसाठी जर्मनी न निवडता अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातले मोझेस लेक हे गाव निवडले, जिथे कोलंबिया नदीवरील धरणांची जलविद्युत स्वस्तात मिळते. तो कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. मूळ धागा जपानमधील ओटाके येथून तिथे जात असे, तिथून कार्बन झालेला धागा जर्मनीत बव्हेरियातील वाकर्सडॉर्फला येऊन त्याचे कापड विणले जाई, आणि मग लांट्सहूट व लाइपझिग येथे साच्यात उच्च दाबाने राळ भरून भाग तयार होत. वाकर्सडॉर्फची जागाही लक्षात राहण्यासारखी आहे : ज्या आवारात अणुइंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा प्रकल्प उभा राहत होता आणि लोकांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९८९ मध्ये सोडून दिला गेला, तिथेच हे उद्योग आले.

'अर्धी पृथ्वी फिरून आलेला धागा पर्यावरणपूरक कसा?' असा आक्षेप या गाडीवर वारंवार घेतला जातो, आणि तो मला चुकीचा वाटतो. मालवाहू जहाज दर टनामागे दर किलोमीटरला अवघे काही ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. त्यामुळे पॅसिफिक आणि अटलांटिक असे दोन्ही महासागर ओलांडूनही एक किलो धाग्याच्या वाट्याला येणारा भार किलोच्या अंशातच राहतो. भट्टीच्या विजेच्या तुलनेत तो नगण्य आहे. भट्टी योग्य जागी असावी म्हणून धागा दूर नेणे हा या बाबतीत शहाणपणाचा निर्णय होता.

खरा आक्षेप जलविद्युतीबद्दल घेता येतो, आणि तो दोन प्रकारचा आहे. पहिला असा की कोलंबियावरील धरणांनी सामन माशांचे स्थलांतर अडवले आणि वानापुमसारख्या मूळ रहिवाशांची नदीकाठची भूमी पाण्याखाली घातली. कोयनेच्या आणि नर्मदेच्या विस्थापितांचे प्रश्न जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. हरितगृह वायूंच्या रकान्यात ही वीज जवळजवळ शून्याची दिसते म्हणून ती सर्वार्थाने निर्दोष ठरत नाही. दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक, पण तितकाच महत्त्वाचा आहे : स्वच्छ वीज मर्यादित आहे, आणि ती कार्बनच्या भट्टीने घेतली तर दुसऱ्या कोणाला तेवढीच वीज वायू किंवा कोळसा जाळून मिळवावी लागू शकते. कारखान्याने आपल्या पावतीवर जलविद्युत दाखवणे योग्य आहेच, परंतु संपूर्ण जाळ्याचा विचार करणाऱ्याने त्या पावतीवर पूर्णपणे विसंबू नये. जीवनचक्र मूल्यांकनाच्या, म्हणजे खाणीपासून भंगारापर्यंतच्या हिशेबाच्या, आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत हिशेबाची सीमा आणि गृहीतके स्पष्ट लिहिण्याचा आग्रह धरलेला आहे तो याचसाठी.

आता प्रत्यक्ष बेरीज-वजाबाकी करू. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा दाखवण्यास पुरेसे आहेत. समजा, २०० किलो पोलादाच्या जागी १०० किलो कार्बन मिश्रण वापरले, आणि त्यात निम्मा धागा व निम्मी राळ आहे. पोलादाचा भार साधारण ४०० किलो कार्बन डायऑक्साइड. सामान्य विजेवरच्या धाग्याचा भार किलोमागे २५ धरला आणि राळेचा ६ धरला, तर मिश्रणाचा भार होतो सुमारे १५५० किलो. म्हणजे गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच तिच्या डोक्यावर साडेअकराशे किलोंचे कर्ज असते, आणि ते तिने धावताना वाचवलेल्या ऊर्जेतून फेडायचे असते.

पेट्रोलची गाडी हे कर्ज फेडू शकते. वजन १०० किलोंनी घटले आणि त्याला अनुरूप इंजिन लहान केले, तर शंभर किलोमीटरमागे साधारण एक तृतीयांश लिटर पेट्रोल वाचते. दोन लाख किलोमीटरच्या आयुष्यात सहाशे ते सातशे लिटर, आणि दर लिटरला जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर चौदाशे किलोंहून अधिक बचत. विजेच्या गाडीचे गणित मात्र वेगळे आहे. तिची मोटर मुळातच काटकसरी, आणि शिवाय वेग कमी करताना गतिज ऊर्जेचा बराचसा भाग ती बॅटरीत परत घेते. त्यामुळे १०० किलो कमी झाल्याने शंभर किलोमीटरमागे वाचते ती जेमतेम अर्ध्या युनिटच्या आसपास वीज. दोन लाख किलोमीटरला हजार युनिट. जर्मनीच्या अलीकडच्या जाळ्यावर युनिटमागे ४०० ग्रॅम धरले तर बचत होते ४०० किलो. चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर आधारलेल्या आपल्याकडच्या विजेवर युनिटमागे ७०० ग्रॅम धरले तरी ७०० किलो. साडेअकराशेचे कर्ज दोन्हीकडे शिल्लकच राहते.

आणि पुढची गोष्ट तर अधिक विचार करायला लावणारी आहे. जाळ्यातील वीज जसजशी स्वच्छ होत जाईल, तसतशी धावताना होणारी बचत आणखी घटत जाईल, आणि गाडीच्या आयुष्यभराच्या भारात निर्मितीचा वाटा वाढत जाईल. पेट्रोलच्या जमान्यात 'हलके ते चांगले' हा नियम जवळपास डोळे मिटून पाळता येत होता. विजेच्या गाडीच्या बाबतीत 'कशाने हलके केले आणि ते कुठल्या विजेवर' हा प्रश्न आधी विचारावा लागतो. मोझेस लेकच्या जलविद्युतीवरचा धागा सामान्य धाग्याच्या निम्म्या भाराचा धरला तर वरचे कर्ज पाचशे किलोंच्या आसपास येते, आणि मग जर्मनीतील आय-थ्री ते जवळजवळ फेडते. जवळजवळच. माझ्या मते कार्बनच्या सांगाड्याबद्दल प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते की योग्य ठिकाणी बनवल्यामुळे त्याने गाडीचे फारसे नुकसान केले नाही.

मग गाडी चांगली कशामुळे? तिच्या लहान बॅटरीमुळे. पहिल्या आवृत्तीची बॅटरी २२ युनिटांची, २०१६ पासून ३३ युनिटांची आणि २०१८ पासून ४२ युनिटांची. लिथियम बॅटरी तयार करताना क्षमतेच्या दर युनिटमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, असे अनेक अभ्यास दाखवतात. या हिशेबाने २२ युनिटांच्या बॅटरीचा भार सुमारे सव्वा ते सव्वादोन टन, तर आजच्या अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत असणाऱ्या ७५ युनिटांच्या बॅटरीचा साडेचार ते साडेसात टन. कार्बन की पोलाद या वादात काही शे किलोंचा प्रश्न होता. इथे एका निर्णयात तीन ते पाच टन वाचतात. त्याशिवाय गाडी चार मीटर लांब, चारच माणसांची, आणि तिचे टायर १५५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे एखाद्या लहान हॅचबॅकला शोभतील इतके अरुंद, पण एकोणीस इंची चाकावर चढवलेले. हवेचा आणि रस्त्याचा विरोध त्यामुळे घटतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीत पहिल्या आय-थ्रीला शंभर किलोमीटरमागे सुमारे १७ युनिट लागली, आणि त्या वेळी तिथे विकल्या जाणाऱ्या सर्व गाड्यांत ती सर्वांत कमी ऊर्जा खाणारी ठरली. यात हलक्या वजनाचा वाटा आहे. सगळे श्रेय त्याला देता येत नाही.

खालच्या ॲल्युमिनियमच्या भागाबद्दल थोडक्यात. बॉक्साइटपासून नवे ॲल्युमिनियम काढताना किलोमागे तेरा ते पंधरा युनिट वीज केवळ विद्युत अपघटनालाच लागते. ती वीज कोळशाची असेल तर भार किलोमागे वीस किलोंपर्यंत जातो, आणि जलविद्युत असेल तर त्याच्या कितीतरी खाली येतो. खाणीचा आणि बॉक्साइट शुद्ध करताना उरणाऱ्या लाल चिखलाचा प्रश्न त्यात धरलेलाच नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या डोंगरपठारांवर बॉक्साइटच्या खाणी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्याची कल्पना असेल. उलट जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला मूळ ऊर्जेचा सुमारे विसावा भाग पुरतो. आय-थ्रीतील ॲल्युमिनियमपैकी ८० टक्के एकतर पुनर्वापरातून आलेले किंवा अक्षय ऊर्जेवर तयार झालेले आहे असे कंपनी सांगते, आणि हे मला कार्बनच्या जाहिरातीपेक्षा अधिक मोलाचे वाटते. या बाबतीत सर्वांत पुढे गेलेले काम मात्र जग्वार लँड रोव्हर आणि ॲल्युमिनियमचा पत्रा बनवणारी नोव्हेलिस या कंपन्यांचे आहे : पत्रा कापताना उरणारे तुकडे मिश्रधातूनुसार वेगळे ठेवून त्याच दर्जाचा पत्रा पुन्हा तयार करायचा, आणि ७५ टक्क्यांपर्यंत पुनर्वापरित अंश असलेला असा पत्रा २०१५ च्या जग्वार एक्सईमध्ये वापरलाही गेला. या दोन्ही कंपन्यांचे मालक टाटा समूह आणि हिंडाल्को, म्हणजे दोन्ही मुंबईत मुख्यालय असलेले उद्योग आहेत. आपल्याकडच्या गाड्यांसाठी हेच तंत्र वापरले जावे अशी अपेक्षा ठेवणे त्यामुळे मुळीच अवाजवी नाही.

आयुष्याच्या शेवटी ॲल्युमिनियम आणि कार्बन यांच्यातील फरक सर्वांत ठळक होतो. भंगारवाला ॲल्युमिनियम पैसे देऊन नेतो. तुकडे करताना निरनिराळे मिश्रधातू एकत्र मिसळल्यामुळे त्यातून पुष्कळदा ओतीव भागांच्याच दर्जाचा धातू मिळतो, ही त्याची अडचण आहे. आजवर असा धातू इंजिनच्या ओतकामात खपत होता, आणि इंजिने कमी होऊ लागल्यावर तो कुठे खपणार हा प्रश्न उद्योगासमोर आहेच. कार्बन मिश्रणाची अडचण याहून मोठी आहे. एकदा घट्ट झालेली इपॉक्सी राळ पुन्हा वितळत नाही. ऑक्सिजनविरहित भट्टीत राळ उष्णतेने विघटित करून धागा परत मिळवता येतो, पण तो तुकड्यांच्या रूपात आणि काहीशा घटलेल्या बळाचा मिळतो; त्याचा पुन्हा गाडीचा खांब होत नाही, फार तर छपरासारखा किंवा आतल्या आच्छादनासारखा कमी भाराचा भाग होतो. कचरा जाळणाऱ्या साध्या भट्ट्यांत हे धागे पूर्ण जळत नाहीत, आणि विद्युतवाहक असल्याने धूर स्वच्छ करणाऱ्या विद्युत गाळण्यांत बिघाड करू शकतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार २०१५ पासून मोडीत निघालेल्या गाडीच्या वजनापैकी ८५ टक्के भाग पुनर्वापरात किंवा पुनर्चक्रणात जायलाच हवा. आय-थ्रीतील धातूंमुळे तो आकडा गाठणे अवघड नाही, परंतु म्हणून कार्बनच्या सांगाड्याचे उत्तर मिळाले असे होत नाही. आजवर रस्त्यावर उतरलेल्या अडीच लाख पिंजऱ्यांपैकी बहुतेकांचे भंगार पुढच्या दहा-वीस वर्षांत येणार आहे, आणि त्यासाठीची व्यवस्था आत्ताच उभी राहायला हवी. बॅटरीच्या बाबतीत मात्र कंपनीने चांगली सुरुवात केली : २०१७ पासून लाइपझिगच्या कारखान्यात पवनचक्क्यांच्या शेजारी ७०० पर्यंत आय-थ्री बॅटऱ्या सामावणारे वीजसाठवण केंद्र उभे आहे, आणि त्यात गाडीतून निवृत्त झालेल्या बॅटऱ्याही वापरल्या जातात.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने कार्बनची खरी जमेची बाजू इथे सुरू होते. कार्बन गंजत नाही. हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवरून वर्षानुवर्षे गेलेल्या पोलादी गाडीचे दारांखालचे उंबरे आतून पोखरले जातात, ते इथे होत नाही. निर्मितीचे कर्ज आधीच काढून झाले आहे, ते आपण गाडी घेतली काय किंवा न घेतली काय, तेवढेच राहणार. परंतु गाडी दीड लाखाऐवजी तीन लाख किलोमीटर चालली तर दर किलोमीटरच्या वाट्याला येणारा भार निम्मा होतो. दीर्घायुष्य हाच कार्बनच्या बाजूने सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे, आणि कंपनीच्या प्रसिद्धीत तो सर्वांत कमी ऐकू आला. कंपनीचा मुख्य दावा असा होता की युरोपच्या सरासरी विजेवर ही गाडी त्याच वर्गातील काटकसरी डिझेल-पेट्रोल गाडीपेक्षा आयुष्यभरात किमान एक तृतीयांश कमी हरितगृह वायू सोडते, आणि अक्षय विजेवर निम्म्याहून कमी. वरच्या हिशेबाशी हे जुळते, आणि मला ते विश्वसनीय वाटते.

चालवायला गाडी आनंददायक आहे. पेडल सोडताच ती ठामपणे वेग कमी करते, त्यामुळे ब्रेकला पाय क्वचितच लागतो, आणि शहरातल्या अरुंद गल्लीत ती ज्या लहानशा वर्तुळात वळते ते अनुभवल्यावर मोठी गाडी नकोशी होते. उणिवाही स्पष्ट आहेत. मागचे दार पुढचे दार उघडल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे शाळेच्या दारात मुलांना उतरवताना पुढच्या माणसाला प्रत्येक वेळी पट्टा सोडावा लागतो. सामानाची जागा अवघी २६० लिटर आहे. भारतातून आलेल्या आई-वडिलांना विमानतळावर आणायला जायचे असेल तर त्यांच्या बॅगांसाठी दुसरी गाडी लागेल. त्या आकाराचे टायर मोजकेच उत्पादक बनवतात आणि ते महाग पडतात. थंडीत गाडी गरम ठेवण्यातच इतकी वीज जाते की पल्ला लक्षणीय घटतो.

या गाडीनंतर कंपनीने हा मार्ग जवळपास सोडून दिला. २०१७ मध्ये तिने मोझेस लेकच्या संयुक्त उद्योगातील आपला हिस्सा एसजीएलला विकण्याचा करार केला. पुढे आलेल्या आयएक्स या विजेच्या गाडीत कार्बनचे काही भाग आहेत, परंतु तिच्या एक्सड्राइव्ह-५० या आवृत्तीची बॅटरी १०० युनिटांहून मोठी आणि वजन अडीच टनांच्या घरात आहे. कार्बन वापरणे थांबले याचे मला वाईट वाटत नाही, कारण आजची उच्च ताकदीची पोलादे पातळ पत्र्यात पुष्कळ काम करतात आणि किलोमागे फारसा जास्तीचा भार घालत नाहीत. वाईट वाटते ते बाराशे किलोंची, २२ युनिटांची, गरजेपुरती गाडी बनवण्याची जिद्द मावळली याचे.

आता घ्यायचीच असेल तर कोणती घ्यावी? घरात किंवा कार्यालयात चार्जिंगची सोय असेल आणि रोजचे अंतर साठ-सत्तर किलोमीटरच्या आत असेल, तर ३३ युनिटांची आवृत्ती सर्वांत योग्य वाटते. अमेरिकी चाचणीनुसार तिचा पल्ला सुमारे १८० किलोमीटर आहे, ४२ युनिटांच्या आवृत्तीचा सुमारे २४५. मूळ २२ युनिटांची आवृत्ती त्याच चाचणीत १३० किलोमीटर धावली होती, आणि इतक्या वर्षांनी त्यातून काय उरले आहे हे बॅटरीची उरलेली क्षमता प्रत्यक्ष मोजून घेतल्याशिवाय ठरवू नये. छोटे पेट्रोल इंजिन जोडलेली आवृत्तीही मिळते, पण तिचे वजन सुमारे १२० किलोंनी जास्त आहे, आणि इंजिन म्हटले की तेल, गाळण्या व उत्सर्जन चाचणी हे सगळे परत येते. लांबचे प्रवास अपवादानेच होत असतील तर ती टाळावी. जलद चार्जिंगची सोय आणि कमी विजेत गाडी गरम ठेवणारा उष्णता-पंप या दोन्ही गोष्टी अनेक गाड्यांत पर्यायी होत्या, तेव्हा विकत घेताना त्या विशिष्ट गाडीत त्या आहेत का हे कागदावर तपासावे. शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे : गाडीला पूर्वी अपघात झाला असेल, तर बाहेरचे प्लास्टिकचे आवरण बदलून ती नव्यासारखी दिसू शकते, पण आतल्या कार्बनचे थर सुटलेले असले तरी डोळ्यांना काहीच दिसत नाही. त्यामुळे दुरुस्तीची नोंदवही नसेल तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ती गाडी सोडून द्यावी, आणि नोंदवही असली तरी व्यवहारापूर्वी कार्बनच्या दुरुस्तीचे प्रशिक्षण घेतलेल्या वर्कशॉपमध्ये उंबरे आणि दारांची चौकट तपासून घ्यावी.